कागदावरची जुळी

मिलिंद,

परवा नगरपालिकेत जाऊन तुझं वय तीस लिहून आले.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मयताचं वय?" बाबा म्हणाले, "सव्वीस." बाईंनी समोरचा शाळा सोडल्याचा दाखला बघितला, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "काका, तीस होतात. सव्वीस कुठनं आणलेत?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. रांगेतली माणसंही माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "तीसच लिहा. कंपनीतल्या कागदांशी जुळलं पाहिजे." बाईंनी लिहिलं, शिक्का मारला, पुढच्या माणसाला बोलावलं. तू जगात आल्याची खरी नोंद कुठेच नव्हती. आता गेल्याचीही नाही.

परत येताना रिक्षात बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. या विषयावर न बोलण्याची सवय आपल्या घराला वीस वर्षांची आहे, ती तू गेलास म्हणून काही सुटणार नाही. म्हणून तुझ्याशीच बोलते. मी बोलत असताना तू मध्येच उलट उत्तर देणार नाहीस, असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय. एरवी मला हेच हवं असायचं. आता मुळीच नकोय.

सगळं पहिल्यापासून सांगते. तुला ते माहीत आहे, मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट मी इतक्या जणांना इतक्या तऱ्हांनी खोटी सांगितलीय, की खरी कशी होती ते एकदा माझं मलाच ऐकायचंय.

अंबरनाथला एमआयडीसीच्या रस्त्यालगत आपल्या दोन खोल्या. मी जमिनीवर बसून पाटावर पुस्तक ठेवून अभ्यास करायची. तू शेजारी बसलास की पानं ओढायचास, म्हणून आईने तुला पाटाच्या पलीकडे, माझ्या समोर बसवलं. तिथे बसून तू गप्प झालास, तेवढ्यावर आम्ही खूश होतो. तू तिथे बसून वाचायला शिकतोयस हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. शिकलास तो उलटा. तुझ्या बाजूने सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती आणि तुला वाटलं, ती अशीच असतात.

पहिलीत बाबांनी तुझं नाव घातलं तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, मी दहा वर्षांची, पाचवीत. पहिल्याच आठवड्यात मला वर्गातून बोलावणं आलं. तुझ्या बाई लाल झाल्या होत्या. "याला चार वेळा पुस्तक सरळ करून दिलं, हा परत उलटं धरतो. मार खाल्ला तरी ऐकत नाही." तू रडत नव्हतास. पुस्तकावरचा तुझा विश्वास मात्र उडालेला दिसत होता. मी म्हटलं, "बाई, त्याला वाचायला सांगा ना." बाईंनी चिडून एक पान उघडलं. तू ते उलटं धरून धडाधडा वाचलंस आणि विचारलंस, "पुढचं पण वाचू?"

मग हेडमास्तरांच्या खोलीत तुझी परीक्षा झाली. दुसरीचं पुस्तक, तिसरीचं, चौथीचं, मग माझं पाचवीचं गणित. शेवटी त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा पहिली पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच आले. त्यांना वाटलं, तू कोणाचं डोकं फोडलंस.

"तुमचा मुलगा थेट पाचवीत बसू शकतो," हेडमास्तर म्हणाले. "पण वय आड येतंय. सहा वर्षांचं पोर पाचवीत दाखवलं, तर दहावीला बोर्ड फॉर्म परत पाठवील."

"मग काय करायचं, सर?"

"जन्माचा दाखला आहे?"

"नाय. घरीच झालाय. पोरीचा पण नाय. तिची तारीख तुमच्याकडंच लावलीय."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मी तिथेच उभी होते, म्हणून मला आठवतं. चष्मा घालून ते म्हणाले, "मग तिचीच याला लावू. जुळी."

पोरांची वयं कमी करून लावणारे बाप आपल्या आळीत घरोघरी होते. पुढे नोकरीत वर्ष-दोन वर्षं जास्त मिळतील हा त्यामागचा विचार. अर्ध्या पोरांचा वाढदिवस एक जूनला यायचा. वय वाढवून लावणारे मात्र बाबा एकटेच. त्यांना घाई होती. स्वतः सातवीतून शाळा सोडून कामाला लागलेला माणूस. घरात असलं पोर निपजलेलं बघून त्यांना एक दिवसही वाया घालवायचा नव्हता. तू सोळाव्या वर्षी बी.एस्सी. होशील, अठराव्या वर्षी एम.एस्सी., असं ते दाढी करताना आरशाशी बोलायचे. त्यांनी तुझं वाईट चिंतलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्या दिवशी घरी येताना त्यांनी तुला खांद्यावर घेतलं होतं आणि माझ्या हातात दोघांची दप्तरं होती. मला तेव्हा तुझा रागही आला होता, सांगून टाकते. माझा वर्ग, माझा बाक, आणि आता माझा वाढदिवससुद्धा.

शाळेत तू देव होतास. सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळेच कागदाकडे कानाडोळा करून होते. तपासनीस आले की तुला पुढे उभं करायचं, गेले की बाई तुला लाडू द्यायच्या. नववीतली मोठाली पोरं भूमितीचं प्रमेय विचारायला तुझ्या मागे लागायची आणि तू अट घालायचास, आधी मला पतंग धरू द्या. दहावीला आपल्या दोघांना पहिला वर्ग मिळाला. मला साठच्या जरा वर, तुला पंच्याहत्तरच्या वर. बारा वर्षांचा होतास तू! गावातल्या साप्ताहिकाचा माणूस कुठूनसं कळून आपल्या दारात आला, कॅमेरा घेऊन. बाबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "चुकीचं सांगितलंय तुम्हाला कोणीतरी. सोळाचा आहे तो. अंगानं बारीक आहे." तो माणूस गेल्यावर बाबा मोरीत जाऊन तोंड धुत बसले, बराच वेळ. ज्या पोराला गावभर मिरवायचं म्हणून एवढं केलं, त्याच्याबद्दल एक ओळ छापून आणता येत नव्हती. कागदावर तू पंच्याहत्तर टक्के मिळवलेला एक सोळा वर्षांचा मुलगा होतास. तसे शेकडो असतात.

उल्हासनगरच्या कॉलेजात जायच्या आदल्या दिवशी बाबांनी दोघांना समोर बसवलं. "तिथं आपलं कोण नाय. जुळी म्हणजे जुळी. आणि तू," तुझ्याकडे बघून, "तिला ताई म्हणायचं नाय. जुळ्यात कोण ताई म्हणतं का? नावानं हाक मारायची. कळलं तर दोघांची सर्टिफिकेटं जातील, शाळेची पण मान्यता जाईल." तुला ते भारी वाटलं. "ए सुजाता, पाणी आण," असं लगेच म्हणून बघितलंस आणि आईची चापट खाल्लीस.

कॉलेजात मात्र मजा चारच दिवस टिकली. लोकलमध्ये पास तपासणारा टीसी तुझं कार्ड उलटसुलट करून म्हणाला, "ये सोला का? इसका तो दूध का दाँत भी होगा अंदर." अकरावी-बारावी तू कशीबशी ढकललीस, पण बी.एस्सी.ला मोठाल्या मिशीवाल्या पोरांच्या मध्ये तू बसलास की बाकावर दप्तर ठेवल्यासारखा दिसायचास. त्यांनी तुझं नाव 'पावकिलो' ठेवलं. "ए पावकिलो, सिगारेट ला," म्हणून ते तुला टपरीवर पाठवायचे आणि तू जायचास, कारण ती तुझ्याशी बोलणारी एकमेव पोरं होती. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत ब्युरेटच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत तुझा हात पोचायचा नाही. शिपाईकाकांनी तुला उभं राहायला खोकं आणून दिलं, त्यावर सगळी बॅच हसली. दुसऱ्या प्रॅक्टिकलला तू आलाच नाहीस. मी शोधायला गेले तर मागच्या मैदानात शाळकरी पोरांच्यात क्रिकेट खेळत होतास. तुझ्याच वयाची होती ती. मी तुला त्यांच्यातून दंडाला धरून ओढून आणलं. तो दंड किती बारीक होता, ते या आठ दिवसांत मला सारखं आठवतंय.

आता मोघे सर.

गणिताचे मोघे सर बदलापूरहून यायचे. शिकवायचे इंग्रजीतून, पण मध्येच तुझ्या-माझ्यासारख्या मराठी शाळेतल्यांसाठी हळूच मराठीत सांगायचे. एकदा त्यांनी पूर्ण फळाभर एक उदाहरण सोडवलं. शेवटच्या बाकावरून तुझा आवाज आला. तो अजून फुटलाही नव्हता, म्हणून सगळे हसले. "सर, एवढं नाही लागत." सर हसले नाहीत. म्हणाले, "ये, करून दाखव." तू गेलास. फळा पुसलास, हात पोचला तेवढाच, खालचा अर्धा. तिथे तीन ओळी लिहिल्यास आणि खडू ठेवलास. सर त्या तीन ओळींसमोर इतका वेळ उभे राहिले, की मागची पोरं चुळबुळायला लागली. मला काहीच कळलं नव्हतं. माझा भाऊ आहे तो, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

तास संपल्यावर त्यांनी मला स्टाफरूमच्या बाहेर थांबवलं. तू थोडा पलीकडे, जिन्यापाशी, दोघांच्या पिशव्या खांद्याला लावून उभा.

"हा तुझा भाऊ ना? याचं खरं वय काय?"

मी जिन्याकडे बघितलं.

"हे बघ, मी पोलीस नाही. मुंबईत एक संस्था आहे, माझा मित्र तिथे शिकवतो. पंधराच्या आतली अशी मुलं ते घेतात. राहायची सोय, शिकवायला मोठी माणसं. परीक्षा, प्रॅक्टिकल, सगळं बाजूला ठेवतात. मी स्वतः घेऊन जातो याला. पण त्याचं वय खरं सांगावं लागेल. अठराव्या वर्षी हे तीन ओळींत सोडवलं तर मुलगा हुशार आहे. चौदाव्या वर्षी सोडवलं असेल तर गोष्ट वेगळी आहे. किती आहे?"

तू चौदा वर्षं सात महिन्यांचा होतास. मला दिवसही सांगता आले असते. तू झालास तेव्हा मी दाराबाहेर बसून होते.

मी म्हणाले, "अठरा, सर. आम्ही जुळी आहोत."

सरांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, "बरं," म्हणाले आणि आत गेले. एवढंच झालं. अर्ध्या मिनिटाचं काम.

स्टेशनकडे येताना तू म्हणालास, "ताई, भूक लागलीय." आणि मी, भर बाजारात, त्या कापडाच्या दुकानांसमोर, तुझ्यावर खेकसले, "नावानं बोल!" त्यानंतर तू मला ताई म्हटलं नाहीस. घरीसुद्धा नाही. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळीही तू रडत रडत "सुजाता, सुजाता" करत होतास आणि सासरची माणसं मला विचारत होती, धाकटा भाऊ नाव घेतो तुझं?

मी बाबांना घाबरून तसं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. तुझं सर्टिफिकेट जाईल म्हणून, शाळेचं वाटोळं होईल म्हणून, आईला धक्का बसेल म्हणून. हे सगळं खरं आहे. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. दोघांची सर्टिफिकेटं, असं बाबा म्हणाले होते ना, त्यातलं माझं होतं. मी काही तुझ्यासारखी नव्हते. मला साठ टक्के रक्त आटवून मिळाले होते. मला बी.एड. करायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं, आणि ते एका कागदावर उभं होतं. आज पहिल्यांदा लिहितेय हे.

पुढचं सगळं उतरणीचं. पहिल्या वर्षी तू दोन विषयांत राहिलास. गणिताच्या पेपरात नुसती उत्तरं लिहून आलास. "मधल्या पायऱ्या कुठेत?" म्हटलं तर, "उत्तर बरोबर आहे ना? मग त्यांना मधलं कशाला पाहिजे?" तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत काही विचारलं आणि तू बुटांकडे बघत उभा राहिलास. दुसऱ्या वर्षाला कसाबसा चढलास आणि तिथेच बसलास. सोळाव्या वर्षी, म्हणजे कागदावर विसाव्या, बाबांनी कंटाळून तुला त्यांच्याच कंपनीत लॅबमध्ये चिकटवला. सज्ञान होतास ना तू, तिन्ही पाळ्या करायला मोकळा. बाबांनी ज्या वयात तू बी.एस्सी. होणार म्हणून आरशाला सांगितलं होतं, बरोबर त्या वयात तू बाटल्या धुवायला लागलास.

आणि त्याच वर्षी माझं शेवटचं वर्ष. पाळीवरून यायचास, हातपाय धुवायचास आणि माझं गणिताचं पुस्तक ओढून घ्यायचास. "दे इकडे, रडू नको." न शिकलेल्या वर्षाचं गणित तू मला शिकवलंस. मला कळेपर्यंत, तीन-तीन वेळा, न चिडता, सगळ्या मधल्या पायऱ्या घालून. माझ्यासाठी पायऱ्या घालायचास, स्वतःसाठी कधी घातल्या नाहीस. मी पास झाले तेव्हा पेढे तूच आणलेस आणि आळीत वाटताना सांगत सुटलास, "आमचं बी.एस्सी. झालं." लोक म्हणाले, अरे तुझं कुठे? तर तू म्हणालास, "जुळ्यातलं एक झालं की झालं."

मग आपलं ते भांडण, जे तू संपवू दिलं नाहीस. मी बदलापूरला शिरगावात राहायला गेले, शाळेत लागले, पण दर वर्षी माहेरी येताना विद्यापीठाचा फॉर्म घेऊन यायचेच. बाहेरून परीक्षा दे, तेवढं बी.एस्सी. पुरं कर. तू फॉर्म हातात घेऊन म्हणायचास, "तूच बस ना. जन्मतारीख तीच आहे." मी चिडायचे. आळशी म्हणायचे, नशिबाला लाथ मारणारा म्हणायचे. एकदा तर, पाळी संपवून तू घरी घ्यायचास त्या शिकवणीची पोरं समोर बसलेली असताना म्हणाले, "दुसऱ्यांच्या पोरांना इंजिनिअर करतोयस, स्वतः मात्र बारावी पास. लाज वाटत नाही?" पोरं खाली मान घालून बसली. तू हसलास आणि पुढचं उदाहरण घातलंस.

ती पोरं! चामटोलीहून सायकलवर येणारे दोघे भाऊ, एमआयडीसीतल्या साहेबांची मुलगी, उल्हासनगरची ती सिंधी मुलगी, जिच्या वडिलांचा पँट शिवायचा कारखाना होता. तिला इंजिनिअरिंगला जागा मिळाली तेव्हा ते मिठाईचा मोठा पुडा घेऊन आले आणि आईला विचारायला लागले, "मास्टरजी किधर हैं?" तू दाराबाहेर सायकलची चेन लावत होतास, काळे हात घेऊन उठलास. "ये?" ते म्हणाले. "अरे पुट, बेटा, तू तो खुद बच्चा है!" त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाबांचा चेहरा मी तेव्हा बघितला. बारा-चौदा वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या कोणीतरी बाबांसमोर तुझ्याकडे बघून खरं ते ओळखलं होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

या उन्हाळ्यात तुला कावीळ झाली. तू ती अंगावर काढलीस, मग पोटात पाणी भरलं, मग डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. आम्ही काहीच करू शकलो नाही. मी शाळेतून सुटून यायची आणि तुझ्या खाटेशी नुसती बसायची. पंखा कमी करू का, पाणी देऊ का, एवढंच विचारता यायचं. एका दुपारी बाबा अचानक म्हणाले, "मिलिंद, तुझी चार वर्षं मी खाल्ली रे." घरात कोणी हा विषय काढायची ती पहिलीच वेळ. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे होते, पण त्यातही तुझा खट्याळपणा होता. म्हणालास, "खाल्ली कुठे बाबा, उलट वाढवून दिलीत." बाबा उठून बाहेर गेले. मला तेव्हा बोलायचं होतं. स्टाफरूम, सर, ते अर्धं मिनिट, सगळं. मी म्हणाले, "मोसंबीचा रस घेतोस का थोडा?"

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. भंते आले, वंदना झाली, तुझी पोरं आली, आता मोठी झालेली, एकाच्या कडेवर बाळ. जेवणं चालू असताना दारात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. मी ओळखलंच नाही. तुझ्याच एका विद्यार्थ्याकडून कळलं म्हणून मोघे सर बदलापूरहून आले होते. त्यांनी तुझ्या फोटोला फूल वाहिलं आणि सतरंजीवर बसले. मी त्यांच्यासमोर बसले आणि मला राहवेना. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"सर, तुम्ही एकदा मला याचं वय विचारलं होतं. मी तुम्हाला..."

"चौदा होतं," सर म्हणाले.

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तो दुसऱ्या दिवशी आला होता माझ्याकडे. एकटाच. म्हणाला, सर, ताई घाबरली म्हणून तसं म्हणाली. मी चौदाचा आहे. मला जायचंय तिकडे, मला न्या." सरांनी तांब्या उचलला. घोटभर पाणी प्यायले. "मी म्हटलं, आजच पत्र टाकतो. मग त्यानेच विचारलं, पत्र गेलं की शाळेत चौकशी होईल ना? ताईचं सर्टिफिकेट राहील का? मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, तुमची तारीख एकच आहे, चौकशी दोघांचीही होईल, पुढचं मी सांगू शकत नाही. तो तिथेच उभा राहिला, ते भलंमोठं दप्तर घेऊन. मग म्हणाला, राहू दे सर. तिला बी.एड. करायचंय."

मी सतरंजीची दशी ओढत राहिले.

"मला म्हणाला, ताईला सांगू नका. आणि मी ऐकलं त्याचं," सर म्हणाले. "पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, एवढा शिकलेला. चौदा वर्षांच्या मुलाचं ऐकून पत्र टाकलंच नाही."

ते गेले. बाबा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. मी भांडी घासणाऱ्या बायकांत जाऊन बसले आणि हातात आलं ते घासत राहिले.

बारा वर्षं, मिलिंद. बारा वर्षं मी तुला आळशी म्हटलं, चारचौघांत लाज काढली, फॉर्म तोंडावर फेकले, आणि तू एकदाही म्हणाला नाहीस की गप्प बस, तुझ्यासाठी सोडलंय सगळं. एकदा म्हणायला काय झालं होतं? भांडताना सुद्धा तोंडून निघालं नाही तुझ्या? मला तुझे पाय धरायचेत आणि मला तुला दोन मुस्कटात ठेवून द्यायच्यात, आणि यातलं काहीच आता करता येत नाही. लोक येतात, म्हणतात, केवढं डोकं होतं, पण टिकला नाही, लहानपणी हुशार असलेली मुलं पुढे अशीच होतात. मी मान हलवते. कोणाकोणाला सांगू, आणि काय सांगू? खरं सांगितलं तर आजही माझी नोकरी जाईल, आणि ते मला आजही चालणार नाहीये. घरात दोन मुलं आहेत. बघ, बारा वर्षांनीही मी तिथेच उभी आहे, स्टाफरूमच्या दाराबाहेर.

सर म्हणाले, तू स्वतः ठरवलंस. आई म्हणते, नशीब. बाबा स्वतःला दोष देतात. मला यातलं काहीच पुरत नाही. तुझा आवाज फुटला नव्हता. तुझे पाय बाकावरून जमिनीला टेकत नव्हते. एवढं मोठं काही ठरवायचं ते वय नव्हतं.

कागदावर आपण कोणीही असू. मी मोठी होते, मिलिंद. चार वर्षांनी मोठी होते.